टिचकीचे चार सेकंद

मी स्टॉपवॉच बोलतोय. आत्ता किती वाजले, हे मला विचारू नका. ते मला सांगता येत नाही. एखादं काम सुरू झालं आणि संपलं, त्यात वेळ किती गेला, एवढंच मला कळतं. या अर्धवट अकलेवर मी एका बाईला कामावरून उठवलं. ते आज कबूल करून टाकतो.

माझे पहिले मालक शाळेतले खेळाचे मास्तर. मुलं जीव तोडून धावायची आणि धापा टाकत आधी माझ्याकडे यायची. ते दिवस मजेचे होते. मास्तर निवृत्त झाले तेव्हा त्यांनी मला धाकट्या जावयाच्या गळ्यात घातलं. हे जावई कारखान्यांमध्ये कामाची पद्धत सुधारून द्यायचे. सगळे त्यांना साहेब म्हणायचे, म्हणून मीही म्हणतो.

साहेबांना चिनी मातीच्या किटल्या बनवणाऱ्या एका कारखान्यानं बोलावलं. माल उशिरा पोहोचतो, एवढ्याशा किटलीला केवढं खोकं आणि त्यात नुसता कागदाचा चोथा, अशा गिऱ्हाइकांच्या तक्रारी होत्या. साहेबांनी पॅकिंगच्या बायकांना गोळा करून लीन मॅनेजमेंट समजावलं. लीन म्हणजे सडपातळ. कामातलं फालतू तेवढं काढून टाकायचं. त्यावर त्यांच्यातल्या सगळ्यांत जुन्या मावशी म्हणाल्या, "मग आधी मलाच काढाल." मावशी अंगानं चांगल्या भरलेल्या होत्या. सगळ्या हसल्या, साहेबही हसले.

साहेब माणूस वाईट नव्हता. त्यांनी किटलीच्या मापाचं खोकं करून घेतलं. चिकटपट्टी आणि कात्री हाताशी टांगली. जमिनीवरचा माल कमरेइतक्या उंचीच्या फळीवर आणला, तेव्हा मावशींची कित्येक वर्षांची पाठदुखी थांबली. तुम्ही आधीच का नाही आलात, असं त्या साहेबांना म्हणाल्यासुद्धा.

मग साहेबांनी मला मावशींच्या टेबलाशी धरलं. मावशी किटली उचलायच्या, कानाशी नेऊन तिला एक टिचकी मारायच्या आणि मगच कागदात गुंडाळायच्या. खणखणीत वाजली तर खोक्यात. बद्द वाजली तर टेबलाखाली. टिचकीला चार सेकंद लागत. साहेबांच्या कागदावर तपासणी भट्टीपाशीच झालेली होती. त्यांनी टिचकीपुढे लिहिलं, अनावश्यक.

"अहो साहेब, पण..." मावशी बोलायला लागल्या. साहेबांची नजर माझ्यावर होती. मोजणी चालू होती, म्हणून त्यांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

बाकीच्या बायका आपल्या किटल्या मावशींकडून वाजवून घ्यायच्या, ते थांबलं आणि त्यांचं खोकं चाळीस सेकंदांत बंद होऊ लागलं. मावशींचं चव्वेचाळीस. साहेबांची पाठ वळली की त्या गुपचूप टिचकी मारायच्या आणि मी चुगली करायचो. फळ्यावर रोज त्यांचा आकडा लाल. शेवटी साहेबांनी त्यांना पत्त्याच्या चिठ्ठ्या चिकटवायला बसवलं. पंधरा दिवस त्यांनी मान खाली घालून चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मग यायच्याच बंद झाल्या. कुणी चौकशी केली नाही. माल वेळेवर जात होता, गिऱ्हाईक खूश होतं. मीही तोऱ्यात होतो.

तीन महिन्यांनी पत्रं येऊ लागली. किटली गळते. किटलीला तडा आहे. एका वडिलांनी लिहिलं होतं की मुलीनं पहिल्यांदाच स्वतः चहा केला, ओतताना किटली दुभंगली आणि तिचा हात मनगटापर्यंत भाजला. डाग राहणार, असं डॉक्टर म्हणतात. साहेबांनी ते पत्र उभ्यानंच दोनदा वाचलं.

मग ते भट्टीवरच्या तपासनीस काकांकडे गेले. काकांनी सरळ सांगितलं, "मी रंग आणि आकार बघतो. वाजवायच्या मावशी. इथं सगळ्यांना ठाऊक आहे." सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच ते कुठं लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी फळीवरच्या वीस किटल्या स्वतः वाजवून पाहिल्या. त्यांना सगळ्या सारख्याच वाजल्या.

त्याच दिवशी ते मावशींच्या घरी गेले. मी गळ्यात होतोच. मावशींनी बसायला खुर्ची दिली, पत्राची हकीकत ऐकली आणि डोळ्यांना पदर लावला.

"तुम्ही मला सांगितलं का नाही?" साहेबांनी विचारलं.

"सांगत होते," मावशी म्हणाल्या. "तुम्ही घड्याळ बघत होतात."

साहेबांनी परत या म्हणून हात जोडले. त्या आल्या, पण आठच दिवस. दोन मुलींना कान कसा द्यायचा ते शिकवलं आणि निघाल्या. मन उठलं आता, एवढंच म्हणाल्या. हल्ली साहेबांच्या कागदावर टिचकीपुढे 'आवश्यक' असं लिहिलेलं आहे. कामाला हात घालण्याआधी साहेब ते काम करणाऱ्याशेजारी अख्खा दिवस बसतात आणि विचारतात. मला खिशातून काढतात ते दुसऱ्या दिवशी.

माझी काच आता धूसर झालीय, सेलही उतरत आलाय. कुणाच्या हातात मी पुन्हा पडलो, तर त्यानं मला जरा उशिरानंच सुरू करावं. माझ्या डोक्यावर एक बटण आहे. ते दाबलं की झालं गेलं सगळं पुसून आकडा शून्यावर येतो. त्याचा मला फार अभिमान होता. ते पत्र आल्यापासून साहेबांनी हे बटण कितीदा तरी दाबलं. माझा आकडा दर वेळी शून्य झाला. त्या मुलीच्या हातावरचा डाग आहे तिथंच आहे.