गच्चीची चावी

"या हातांनी चाळीस वर्षांत एक झाड मरू दिलेलं नाही!" असं जाहीर करून अभिमन आबांनी खिडकीतली कुंडी हुकावरून काढली. तळातून गढूळ पाण्याची धार त्यांच्या पायजम्यावर आली. मोत्यांच्या वेलीचे पाच-सहा हिरवे मणी टपटप फरशीवर पडले.

"बठ्ठं सडी गये," पार्वताबाई म्हणाल्या. "आते काय सांगशात सुनले?"

"पानीच ते टाकं मी. इख नही टाकं."

सुलक्षणा दीड महिन्याच्या प्रशिक्षणाला नाशिकला गेली होती. जाताना फ्रिजवर चिठ्ठी: पंधरा दिवसांतून एकदा, अर्धा पेला. आबांनी रोज तांब्याभर घातलं. चोपड्याच्या मळ्यात ठिबक एक दिवस बंद राहिलं तरी केळी मान टाकते. लोंबकळत्या जिवाला पंधरा दिवस कोरडं ठेवणं त्यांना सुनेचा निष्काळजीपणा वाटला होता. वेल तिच्या आईने धुळ्याहून दिलेली. लग्नानंतर वर्षभरात सुलक्षणाने या घराकडे एकच गोष्ट मागितली होती. खिडकीत एक हूक.

आबांनी दुपारी दाढीच्या ब्लेडने टणक राहिलेले शेंडे कापले, केळीच्या रोपांच्या जुन्या ट्रेमध्ये तापीची वाळू भरली आणि एकेक शेंडा तिच्यावर आडवा ठेवला. ट्रे गच्चीवर हिरव्या जाळीखाली नेला. मग गच्चीला कुलूप लावून चावी बायकोच्या हातात दिली.

"पानी तू दे. चिठ्ठीमा लिखेल शे तसं. मी कितला बी मांगू, मले चावी देऊ नको."

"देस नही," पार्वताबाई जरा जास्तच आनंदाने म्हणाल्या.

महिन्याभरात आबांनी अकरा वेळा मागितली. एकदा तर गच्चीवरच्या टाकीत कबूतर पडल्याचं सांगून.

सुलक्षणा आली, ती बॅग खांद्यावर ठेवूनच खिडकीशी गेली. हूक रिकामा. आबांनी भाषण तयार ठेवलं होतं. त्यात हवामानाला बराच दोष होता. पण तोंडातून निघालं ते एवढंच:

"मी मारली, पोरी. रोज पाणी घालून."

पार्वताबाईंनी कनवटीची चावी काढली आणि जिना चढायला लागल्या.

जाळीखाली तीस शेंड्यांपैकी बावीस जगले होते. सुलक्षणा उकिडवी बसली. एक मणी बोटांनी चेपून पाहिला. टणक. एका शेंड्याला केसाएवढा नवा कोंब फुटला होता.

"आईकडे एकच कुंडी आहे, आबा," ती म्हणाली आणि हसू लागली. "तुम्ही तर मळाच लावला. आता एवढे हूक कुठे ठोकायचे?"

आबा टाकीच्या कठड्यावर टेकले. त्यांनी घसा साफ केला.

"झाड जगवायचं म्हणजे त्याच्यापासून लांब राहायला शिकायचं. या वयात शिकलो मी."

पार्वताबाई चावी पुन्हा कनवटीला लावत होत्या. आबांनी तिकडे पाहिलं, मग सुनेकडे जरा वाकले.

"पोरी, एक चमचा टाकू का?"