त्रिनेत्री पिस्तूल

केजच्या पलीकडल्या त्या गावात मी प्लेगची लस टोचायला गेलो होतो. टोचून घ्यायला कुत्रंही फिरकलं नाही. सारं गाव महादेवाच्या देवळात लोटलं होतं, कारण तिथे महारुद्रबाबा नावाच्या मांत्रिकाचं पिस्तूल चेटकीण ओळखणार होतं.

गहिनीनाथ पाटलांच्या सुनेची दोन बाळं दगावली होती. दोन्ही बाळंतपणं भिवराबाई सुइणीच्या हातची. चेटकीण ठरली तर तिचे दात पाडायचे, म्हणजे तिचा मंत्र चालत नाही, असं पंचांचं ठरलं होतं. दगडही निवडून ठेवला होता.

"ह्ये हत्यार न्हाई," बाबा सांगत होता, "म्हादेवाचे तीन डोळे हायेत. पापी समोर आला की उघडत्यात."

महादेवाला डोळे उघडायला विलायती पिस्तूल कशाला लागतं, हे विचारणारा शहाणा गावात एकही नव्हता.

गाभाऱ्यात भरदुपारीही उजेड काय तो नंदादीपाचा. बाबाने पाटलांच्या घरच्यांवर एकेक करून पिस्तूल रोखलं. त्याच्या मागे दाटीने उभ्या असलेल्या आम्हाला पिस्तुलावर काहीच दिसलं नाही. मग भिवराबाईला पुढे ढकललं. बाबा देवापुढे वाकला, त्याच्या उपरण्याचा फटकारा बसला आणि दिवा विझला. नंदादीप माणूस मुद्दाम विझवील, असं त्या गावात कुणाच्या मनातही येणार नाही. देवच कोपला असं सगळे समजले, आणि काळोखात पिस्तुलावर तीन हिरवे ठिपके दिसू लागले.

माझ्या मनगटावरच्या घड्याळाचे आकडेही तसेच हिरवे दिसत होते. मी थांबा म्हणून ओरडलो, पण तोवर भिवराबाईला उंबऱ्याबाहेर ओढलं होतं. दगड पाटलांनी स्वतः चालवला.

मी बाबाचं पिस्तूल हिसकावलं, गोळ्या काढल्या आणि पाटलांना आत नेऊन दार लावलं. पिस्तूल त्यांच्याच हातात दिलं. त्यांनी माझ्यावर रोखलं, मग पिंडीवर रोखलं. ठिपके तसेच.

"पिंडही चेटकीण हाय का, पाटील?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं, आणि घड्याळ त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं.

तो रेडियमचा रंग. अंधारात नेम चुकू नये म्हणून काही गोरे अफसर पिस्तुलाच्या टोकाशी एक आणि मागच्या खाचेशी दोन ठिपके लावून घेतात. ते चालवणाऱ्याकडे तोंड करून असतात. दिव्याच्या उजेडात मातकट दिसतात, अंधारात कुणापुढेही चमकतात. बाळं कशाने गेली, हे विचारायला मात्र कुणी डॉक्टर बोलावला नव्हता.

पाटलांनी बाहेर येऊन हे सांगताच गावाने तोच दगड बाबावर उचलला, त्याच हौसेने. त्याचा जबडा मलाच बांधावा लागला.

पाटील भिवराबाईपुढे हात जोडून उभे राहिले. चूक झाली म्हणाले. तिने पदरात धरलेले दात त्यांच्या ओंजळीत टाकले.

"ठिवा," ती रक्ताळल्या तोंडाने म्हणाली. "म्होरली बाई धराल तवा ह्ये हातात घ्या, अन् मंग इचार करा."

वाचणाऱ्यांनो, इतकंच मागणं आहे. दिवा विझला तर आधी दिवा लावा. दगड उचलण्याआधी विचारा, की हे कसं झालं?