गुरुवारची मंडळी

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही. हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीची मी सुपरवायझर. चादरी वॉर्डात जातात आणि परत येताना कमी होतात, उशांच्या अभ्र्यांना तर पाय फुटतात, आणि विचारलं की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात. निम्मा जन्म हेच पाहण्यात गेल्यावर माणूस चर्चमधल्या मिस्सेतसुद्धा शेजारणीच्या पिशवीवर नजर ठेवतो. मी ठेवते.

तर एका सकाळी माझी लेक लॉन्ड्रीच्या मागच्या दारात उभी. हात गळ्यात बांधलेला. म्हणाली, "जिन्यावरून पडले, आई." तिच्या घराला जिना नाही.

वकीलबाईंनी सांगितलं, नवऱ्याने तिच्याजवळ फिरकू नये असा कोर्टाचा हुकूम हातात पडेपर्यंत ती कुठे आहे हे कुणालाही कळता कामा नये. कुणालाही म्हणजे कुणालाही. जावयाने तिला बजावून ठेवलं होतं, पुन्हा घर सोडलंस तर शोधून काढीन, आणि मग प्लास्टर घालायचीही गरज उरणार नाही. माझ्या घरी तिला ठेवायची सोय नव्हती, कारण तो आधी तिथेच येणार. आलाही. चहा प्याला, "आई, फार काळजी वाटते हो," म्हणाला, आणि हात धुवायच्या निमित्ताने आतल्या दोन्ही खोल्या पाहून आला. त्याच्या चर्चच्या गायनमंडळात तो गातो. आवाज इतका गोड की लग्न ठरलं तेव्हा मीच भाळले होते.

लेक होती लॉन्ड्रीच्या वरच्या मजल्यावर, जुन्या शिवणखोलीत. पूर्वी तिथे फाटक्या चादरींना ठिगळं लावायचे. आता मशीनं गेली, मोडकी स्ट्रेचरं आणि एक बेसिन उरलंय. किल्ली एकच, ती माझ्या गळ्यात. आणि वर कोण आहे हे फक्त मला ठाऊक. निदान मी तसं धरून चालले होते.

आता गुरुवारच्या मंडळींबद्दल सांगते. आमचा साध्या प्रापंचिक माणसांचा गट आहे. फादर कधीमधी डोकावतात, बाकी सगळं आमचं आम्हीच बघतो. दर गुरुवारी संध्याकाळी चष्मेवाल्यांच्या दुकानामागच्या खोलीत जमायचं. भिंतीवर एका बाजूला क्रूस आणि दुसऱ्या बाजूला डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता. शुभवर्तमानाचा उतारा वाचायचा, मग एकेकाने आपली विनंती मोठ्याने मांडायची, आणि प्रत्येक विनंतीनंतर सगळ्यांनी म्हणायचं, "हे प्रभो, आमची प्रार्थना ऐक." तोंडाला इतकं वळण पडलेलं असतं की पेंगणारासुद्धा वेळेवर म्हणतो.

आणि प्रार्थना झाली की काम. आजाऱ्याला हॉस्पिटल जेवू घालतं, पण बाहेरच्या बाकावर त्याची बायको उपाशी बसलेली असते, तिच्याकडे कोण बघणार? ते आम्ही बघतो. रोज कुणीतरी पाळीने स्वयंपाक करतं, डबे लॉन्ड्रीत माझ्याकडे उतरवतं, आणि तिथून ते बाकांवर वाटायचे. लेक आली त्या दिवसापासून त्यातला एक डबा मी गुपचूप वर नेऊ लागले.

त्या आठवड्यात गटाला दांडी मारली असती तर लगेच चौकशी झाली असती, म्हणून गेले. माझी पाळी आली तेव्हा हॉस्पिटलमधल्या आजाऱ्यांसाठी विनंती मांडली आणि शेजारी पाहिलं. सगळ्यांनी उत्तर दिलं. निघताना मला वाटलं, जमलं. कुणाला ताकास तूर लागू दिली नाही.

दुसऱ्याच दिवशी डब्यांत एक डबा जास्त आला.

मनात शंकेची पाल चुकचुकली. आणायची पाळी आमच्या गटातल्या नर्सबाईंची होती. मी म्हटलं, "एक जास्त झालाय." त्या म्हणाल्या, "असू दे ताई, लागतो कधीकधी." इतकी वर्षं कधी लागला नव्हता. पुढच्या दिवशी चष्मेवाल्यांची पाळी, पुन्हा एक जास्त. हे काय चाललंय? डबा घेतला तर कुणासाठी घेतला ते कळणार, नाही घेतला तर तेही कळणार. मी दोन दिवस स्वतःचं जेवण वर नेलं आणि तो डबा बाकांकडे पाठवला.

मग नर्सबाईंनी माझ्या हातात मलमाची ट्यूब ठेवली. "मुका मार असेल तर चांगलं असतं. घरात असावं." माझ्या घरात कुणाला मुका मार लागलाय? मग बसवर ड्रायव्हर असलेला आमच्या गटातला गडी आला. त्याचा आवाज असा की सगळे त्याला हॉर्न म्हणतात. लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी घुटमळला आणि त्याच्या मानाने हळूच म्हणाला, "मावशी, या दाराची कडी ढिली आहे. बसवून देऊ का?" मी म्हटलं, हॉस्पिटलचा सुतार मेला नाही अजून. तो गेला, पण संध्याकाळी पाहते तर कडी बदललेली.

सगळ्यांत जास्त धास्ती होती ती गटातल्याच रेडिओची. हे नाव तिच्या नवऱ्याने ठेवलं आणि मग सगळ्यांच्याच तोंडी बसलं. तिच्या पोटात काही राहत नाही. कुणाच्या घरी पाळणा हलणार हे ती त्या घरच्या सासूच्या आधी जाणते, आणि सासूला सांगूनही येते. गेल्या काही दिवसांत मात्र ती माझ्याशी बोलतच नव्हती. डबे ठेवायची, मान हलवायची आणि चालू लागायची. मी म्हटलं, हिच्या तोंडात काहीतरी आहे.

आणि मग बुधवारी मी तिला पाहिलं. चष्मेवाल्यांच्या दुकानासमोर ती उभी होती, आणि तिच्यापुढे माझा जावई. ती हातवारे करून बोलत होती आणि तो मान डोलवत ऐकत होता. मी फळवाल्याच्या गाडीआड उभी राहिले. मला आठवत नाही मी लॉन्ड्रीत परत कशी आले. हुकूम सोमवारी मिळणार होता. लेकीला हलवायचं म्हटलं तर न्यायचं कुठे, आणि कुणाच्या भरवशावर? मला माझ्या लेकीशिवाय एकही माणूस असा दिसेना ज्याच्यावर विश्वास टाकावा. राग इतका आला होता की रेडिओला इस्त्रीच्या रोलरखालून काढावं असं वाटलं, आणि मी हे गमतीने म्हणत नाही.

गुरुवारी गेले ती तिच्या तोंडावर बोलायचं ठरवूनच. पण खोलीत पाऊल टाकलं तर जावई आधीच येऊन बसला होता. कोट घालून, हातात जपमाळ घेऊन.

"आई, या," तो उठून म्हणाला. "म्हटलं, तुमच्या मंडळींत बसून प्रार्थना करावी. चालेल ना?"

चष्मेवाले म्हणाले, "प्रार्थनेला कुणाला नाही म्हणत नाही आम्ही." मी रेडिओकडे पाहिलं. ती खाली मान घालून बसली होती. मी मनात म्हटलं, बस, घाल मान खाली.

वाचन झालं. विनंत्या सुरू झाल्या. नर्सबाईंनी बाकांवरच्या बायकांसाठी मांडली, हॉर्नने रस्त्यावर काम करणाऱ्यांसाठी. सगळ्यांनी उत्तर दिलं, जावयाने तर सुरात दिलं. मग त्याची पाळी आली. त्याने डोळे मिटले.

"माझी पत्नी रागाच्या भरात घर सोडून गेली आहे. ती जिथे असेल तिथून माझ्या घरी परत यावी, आणि ज्यांनी तिला लपवलंय त्यांना सुबुद्धी मिळावी, म्हणून आपण प्रार्थना करू या."

खरं सांगते, मी म्हणणार होते. मनाशी ठरवलं होतं, शब्दच तर आहेत, सगळ्यांच्या आवाजात माझाही मिसळून जाईल आणि त्याला संशय येणार नाही. मी तोंड उघडलं आणि सगळ्यांची वाट पाहिली.

कुणीच बोललं नाही.

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायची खटपट करत होतं, तेवढं ऐकू येत होतं. चष्मेवाले स्वतःच्या बोटांकडे बघत होते. नर्सबाईंनी ओठ घट्ट मिटले होते. हॉर्न सरळ त्याच्याकडे बघत होता. आणि रेडिओ, जिला झोपेतसुद्धा गप्प बसता येत नाही, ती दातांत ओठ धरून बसली होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

जावयाने डोळे उघडले. "तुमच्याकडे उत्तर द्यायची पद्धत नाही का?"

"आहे," हॉर्न म्हणाला.

मग जावई हसला. एकेकाच्या तोंडाकडे त्याने सावकाश पाहून घेतलं. "बरं," तो म्हणाला, "म्हणजे सगळ्यांना माहीत आहे तर." त्याने क्रुसाची खूण केली, कोटाचं बटण लावलं आणि बाहेर गेला. दुकानाच्या काचेतून दिसत होता. गेला नव्हता, समोरच्या फुटपाथवर उभा होता.

मी रेडिओवर धावून गेले. "काय सांगितलंस त्याला काल? मी पाहिलंय तुला."

"माझं पित्ताशयाचं ऑपरेशन," रेडिओ नाक पुसत म्हणाली. "अगं, तो तुझ्याबद्दल विचारायला लागला, कधी कामावर जातेस, कुठून जातेस. मी म्हटलं, याला माझ्या खड्यांची कथा ऐकवावी. पहिल्या दुखण्यापासून सुरू केलं. त्याची बस गेली."

"आणि तुम्हाला कुणी सांगितलं?" मी सगळ्यांनाच विचारलं. "मी तर कुणाला एक अक्षर बोलले नाही."

"तुम्हीच सांगितलंत, ताई," चष्मेवाले म्हणाले. "लेकीचं लग्न झाल्यापासून दर गुरुवारी तुम्ही तिचं नाव घेऊन विनंती मांडता. ती तिच्या घरी सुखात राहावी म्हणून. तापाने फणफणला होतात तेव्हासुद्धा चुकवली नाहीत. आणि त्या गुरुवारी नावच घेतलं नाही. हात गळ्यात बांधलेली पोरगी मागच्या दाराने गेली हे नर्सबाईंनी पाहिलं होतं, पण ती कोण ते त्यांना कळलं नव्हतं. त्या दिवशी सगळ्यांनाच कळलं."

तिच्या घरी ती सुखात राहावी, असं देवापुढे म्हणायला माझी जीभ उचलली नव्हती. आणि दुसरं काही म्हणायची सोय नव्हती. म्हणून वगळलं. बाई, मी एवढी चादरी मोजणारी, आणि हे लोक माझ्या विनंत्या मोजत बसले होते.

"विचारलं का नाही मग?"

"तुला?" रेडिओ म्हणाली. "तू आमच्या पिशव्यांत डोकावतेस. म्हटलं, सांगायचं तेव्हा सांगशील."

चष्मेवाले मात्र काचेतून बाहेर बघत होते. "आपण आज घोटाळा केला," ते हळूच म्हणाले. "तुम्ही गप्प बसून आम्हाला सांगितलंत, आणि आम्ही गप्प बसून त्याला. निदान मी तरी उत्तर म्हणायला हवं होतं. पण नाही निघालं तोंडातून." आणि मग, "आपण इथून कुठे जातो हे त्याला कुणीही सांगेल. हॉस्पिटल सोडून आपण जातो कुठे?"

म्हणजे तिला आजच हलवायला हवं होतं, तो माग काढत तिथे पोचायच्या आत. मी निघाले तर तो माझ्या मागून येणार. मी पदराखालची किल्ली मुठीत धरली.

"द्या," चष्मेवाले म्हणाले. "एक जण जाईल, मागच्या दाराने तिला काढेल. आमच्यापैकी कुणाच्या तरी घरी ठेवू. कुणाच्या, ते तुम्हाला सांगणार नाही."

"माझी लेक आहे ती."

"म्हणूनच. तो सोमवारपर्यंत रोज तुमच्या दारात येईल. तुम्हाला खोटं बोलता येत नाही, ताई. आम्हाला माहीत झालंय."

मी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहिलं. काय शोधत होते कुणास ठाऊक. सवयच ती. मग मी किल्ली गळ्यातून काढली आणि रेडिओच्या हातात दिली. का तिलाच? तिने त्या माणसापुढे आपलं तोंड मिटून धरलं होतं. त्यासाठी तिला किती कष्ट पडले, ते मी पाहिलं होतं.

"दार वाजवू नकोस," मी म्हटलं. "ती उघडणार नाही. हाक मार." आणि तिच्या कानाशी वाकून मी लेकीचं लहानपणचं नाव सांगितलं. ते नाव ठाऊक असलेलं दुसरं माणूस म्हणजे तिचे वडील, आणि ते आता नाहीत. रेडिओने मान हलवली.

सगळे दुकानाच्या मागच्या बाजूने पांगले. मी एकटीच पुढच्या दाराने निघाले, हातात डबा घेऊन, हॉस्पिटलच्या उलट्या दिशेला. थोडं पुढे गेल्यावर मागे बुटांचा आवाज सुरू झाला. मी थांबले की तो थांबायचा. माझं मन तेव्हाही कुरकुरत होतं, रेडिओला वाटेत कुणी भेटलं तर, तिच्या तोंडून निघून गेलं तर, आणि ती नक्की कुणाच्या घरी नेणार. सोमवारपर्यंत मला यातलं काहीच कळणार नव्हतं. लेक जिवंत आहे की नाही, हेसुद्धा दुसऱ्यांच्या शब्दावर धरून चालायचं होतं.

बुटांचा आवाज जवळ आला. तो माझ्या मागे होता, म्हणजे तिच्या मागे नव्हता. मी डबा या हातातून त्या हातात घेतला आणि आणखी हळू चालू लागले.