तेल घातलं होतं का

माझी जीभ तिखट आहे, आमच्या दवाखान्यात कुणालाही विचारा. नर्स होऊन एकवीस वर्षं झाली आणि नियम मोडणारा डॉक्टर असला तरी मी त्याला सोडत नाही. म्हणूनच ही गोष्ट सांगताना मला माझीच लाज वाटते.

त्या वर्षी आमच्याकडे मंकीपॉक्सवरच्या नव्या औषधाची चाचणी चालू होती. प्रत्येक रोग्याला नंबर घातलेली गोळ्यांची बाटली मिळायची. काहींत औषध, काहींत नुसतं पीठ. कुठली कशाची, ते डॉक्टरांनाही माहीत नव्हतं. यादी राजधानीत, किन्शासात, बंद पाकिटात. चौदा दिवस सकाळ-संध्याकाळ गोळी, आणि रोज अंगावरचे फोड मोजायचे. अट एकच, गोळी तेलकट जेवणावर घ्यायची, नाहीतर औषध अंगी लागत नाही. त्यासाठी प्रत्येक घराला लाल पामतेलाचा डबा दिला होता. स्वयंपाक घरच्यांनी आवारात करायचा. तेल घातलेलं नर्सनं स्वतः बघायचं, मगच कागदावर खूण करायची.

आसेका सात वर्षांची. तिची आई दोन आठवड्यांपूर्वी याच रोगानं गेली होती, म्हणून आजी घेऊन आली, ओनेमा आजी. पहिल्या दिवशी मी पोरीच्या अंगावर तीनशे बारा फोड मोजले. एक डाव्या पापणीच्या कडेला होता.

डॉक्टर जांबा म्हणाले, "हा बुबुळावर सरकला तर डोळा जाईल. हिच्या गोळ्या चुकता कामा नयेत."

"मला सांगताय?" मी म्हटलं.

बाटली मिळाली सत्तेचाळीस नंबरची.

अंगभर तो प्लास्टिकचा झगा, तोंडावर मास्क, बावीस खाटा आणि वर पत्रा तापलेला. मी लांबूनच ओरडायची, "आजी, तेल घातलं का?"

"घातलं गं. किती विचारशील? सासूलाही असंच छळायचीस का?"

"सासू मेली माझी."

"सुटली बिचारी."

मी मास्कच्या आत हसायची आणि खूण करायची. पातेल्यावरचं झाकण उचलून बघायचं, एवढंच काम होतं. ते मी एकदाही केलं नाही.

आठव्या दिवशी संध्याकाळची खूण करून झाल्यावर मी आसेकाची चादर बदलायला वाकले. तिच्या बुबुळावर पांढरा ठिपका आला होता. आणि खाटेखाली तेलाचा डबा होता, काठोकाठ भरलेला, सीलसुद्धा न फोडलेला.

"आजी, हे काय आहे?"

म्हातारी म्हणाली, "तेल पोटात गेलं की फोड ओले राहतात. माझ्या आईनं मला पाण्यात उकडलेल्या कसाव्याच्या पाल्याच्या भाजीवर वाचवलं होतं. हिच्या आईला शेजारणीनं तेल घालून वाढलं. मेली ना ती?"

"मग माझ्याशी खोटं का बोललात?"

"तू ओरडली असतीस."

ओरडले असते, खरंच.

मी तशीच जाऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. ते चिडले नाहीत. तेच जास्त लागलं. चुकीची नोंद खोडायची आमच्याकडे एक पद्धत आहे. फक्त एक आडवी रेघ मारायची, म्हणजे खालचं लिहिलेलं वाचता येतं, आणि बाजूला सही, तारीख. आठ दिवसांच्या सोळा खुणांवर मी सोळा रेघा मारल्या. दुसऱ्या सकाळपासून आसेकाच्या पाल्यात तेल मी माझ्या हातानं घातलं. पोर जगली. डावा डोळा गेला.

पाकीट उघडायला पुढे आठ महिने लागले. बाकी सगळ्यांना वाटत होतं, आपल्या बाटलीत औषध निघावं. मी एकटी दर रविवारी चर्चमध्ये गुडघे टेकून पीठ मागत होते. सत्तेचाळीसमध्ये पीठ निघालं, तर डोळा तसाही जाणारच होता. मग तो आजीच्या डोक्यावर नाही, माझ्याही नाही.

यादी आली. सत्तेचाळीस, औषध.

"घरी जाऊन सांगायला हवं," डॉक्टर म्हणाले. "त्यांचा हक्क आहे."

ओनेमा आजी अंगणात कसाव्याचा पाला कुटत होती. मला बघून तिचे हात थांबले. दवाखान्यातून गेल्यापासून ती मला एकदाही टोमणा मारून बोलली नव्हती.

"सांग पोरी. होतं का औषध?"

"पीठ होतं, आजी."

"मग तेलानं काही झालं नसतं?"

"काही नसतं झालं."

ती खाली बसली आणि अंगावरच्या कापडाचं टोक पदरासारखं तोंडात धरून रडली. मला वाटलं, संपलं. पण डोळे पुसून ती उठली. "म्हणजे तू माझ्या पोरीला चौदा दिवस पीठ चारलंस? आणि वर मलाच जाब विचारलास?"

"हो, आजी."

"चालती हो इथून."

मी निघाले. आसेका वळणापर्यंत सोडायला आली. आधी माझ्या उजवीकडे होती, मग मागून फिरून डावीकडे आली, मी तिला दिसावी म्हणून.

"आता फोड मोजायला नाही येणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"नाही गं. फोड गेले ना तुझे."

दवाखान्यात शेवटचा कागद टेबलावर होता. त्यावर एक ओळ होती, 'निकाल कुटुंबाला सांगितला.'

"सांगितलंस ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"सांगितलं," मी म्हटलं, आणि खूण केली. ही सतरावी. हिच्यावर मी अजून रेघ मारलेली नाही.