मास्तरांचा अर्ज

नाट्यगृहांना कुलपं लागून आठ महिने झाले होते, तेव्हा सांस्कृतिक खात्यातून दादांना फोन आला. साथीमुळे ज्यांची कामं थांबली त्यांच्यासाठी सरकारने मदत जाहीर केली होती. त्यात खेळांचे प्रशिक्षक होते, पर्यटकांना गाव दाखवणारे गाईड होते, वृत्तपत्रांना फोटो पुरवणारे होते आणि रंगभूमीवरचे कलावंतही. प्रत्येकासाठी वेगळी छाननी समिती. रंगभूमीच्या समितीत दादांनी यावं, अशी खात्याची विनंती होती.

दादांना बरं वाटलं. चाळीस वर्षं नायकाची कामं केलेला माणूस आठ महिने स्वयंपाकघरात मटार सोलत बसला होता, आणि बायकोच्या मते तेही धड जमत नव्हतं. त्यांनी कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला, मास्क लावला आणि आरशासमोर उभे राहिले.

"अहो, मीटिंगला चाललात की प्रयोगाला?" बायको म्हणाली.

दादांचं नाव कशासाठी होतं, तर पाठांतरासाठी. तीन अंकी नाटक, पानपानभर स्वगतं, आणि दादा कधी अडखळले नाहीत, असं सगळीकडे बोललं जायचं. नवे नट त्यांच्या पाया पडून विचारायचे, "दादा, कसं लक्षात ठेवता?" दादा हसून कपाळावर बोट टेकवायचे. नुकतीच एका वर्तमानपत्रात त्यांची मुलाखतही आली होती. तीत त्यांनी सांगितलं होतं, "मला कधी प्रॉम्प्टरची गरज पडली नाही."

ते खरं नव्हतं. गेली तेवीस वर्षं डाव्या विंगेत, पडद्याच्या घडीआड, मास्तर बसायचे. मास्तर म्हणजे प्रॉम्प्टर. मांडीवर नाटकाची वही, हातात छोटी बॅटरी. दादांनी श्वास जरा लांब घेतला की मास्तर पुढचे तीन शब्द सोडायचे, तेही असे की पहिल्या रांगेतल्या माणसाला वाटावं, वाऱ्याने पडदा हलला. कुठे दादा मुद्दाम थांबलेत आणि कुठे खरंच अडकलेत, हे ओळखण्यात ते कधी चुकले नाहीत. वाक्य विसरलं की दादा दोन पावलं डावीकडे सरकायचे. प्रेक्षकांना ती अभिनयाची लकब वाटायची. एका समीक्षकाने तर त्या दोन पावलांवर अख्खा परिच्छेद लिहिला होता.

समितीची बैठक खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर भरली. खिडक्या सताड उघड्या, खुर्च्या लांब लांब, टेबलाच्या मधोमध सॅनिटायझरची बाटली. अध्यक्षस्थानी खात्याच्या अधिकारी बाई, त्यांच्या एका हाताला एक ज्येष्ठ गायिका, दुसऱ्या हाताला दादा. समोर अर्जांचे गठ्ठे. नियम साधा होता. दहा वर्षं रंगभूमीवर काम केल्याचा पुरावा हवा. फोटो, जाहिरात, परीक्षण, काहीही चालेल.

पहिले दोन दिवस दादांनी मनापासून काम केलं. कुणाचा फोटो धूसर असला तर ते म्हणायचे, "हा बुवा तोच. मी ओळखतो, घ्या त्याला." अधिकारी बाई शेरा मारायच्या. लोकांचं भलं होतंय आणि ते आपल्या शब्दावर होतंय, याचं दादांना अप्रूप वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाईंनी एक अर्ज उचलला आणि थबकल्या.

"सर, हे बघा. एकतीस वर्षं काम, नाटकांची यादी जोडलीय, अक्षर सुंदर. पण पुरावा एकही नाही. पुराव्याच्या रकान्यात लिहिलंय, 'मी प्रॉम्प्टर आहे. मी दिसलो किंवा ऐकू आलो तर काम चुकलं, असं समजतात. त्यामुळे फोटो नाही. खात्री करायची असल्यास दादांना विचारावं.'" त्यांनी वर पाहिलं. "तुमचंच नाव दिलंय. ओळखता?"

दादांनी अर्ज स्वतःकडे ओढला.

तेवढ्यात गायिकाबाई हसल्या. "दादांना आणि प्रॉम्प्टर? परवाच मुलाखत वाचली मी तुमची. आम्हा गाणाऱ्यांनासुद्धा तुमच्या पाठांतराचा हेवा वाटतो हो."

खोलीत पंखा फिरत होता. कोपऱ्यातला टायपिस्ट हात थांबवून दादांकडे बघत होता. 'हो, तेवीस वर्षं हा माणूस मला वाक्यं देतोय,' एवढंच म्हणायचं होतं. दादांनी तोंड उघडलं, आणि बाहेर पडलं ते भलतंच.

"ओळखतो ना. आमच्या संस्थेत असायचे. पडद्यामागे किरकोळ कामाला. सामान हलव, दिवे विझव, असं. माणूस चांगला आहे, पण कलावंत म्हणणं जरा जास्त होईल."

"म्हणजे अपात्र?" बाईंनी विचारलं.

"नियम नियम आहे," दादा म्हणाले.

बाईंनी शेरा मारला आणि पुढचा अर्ज उचलला. त्या दिवशी दादांनी आणखी सतरा अर्ज मंजूर केले. सगळ्यांशी जरा जास्तच गोड बोलले.

घरी आल्यावर त्यांनी स्वतःची समजूत घातली. मास्तर एकटा जीव, लागतं किती त्यांना! दुसऱ्या कुठल्या योजनेत बसतील. शिवाय समितीने ठरवलं, मी एकट्याने थोडंच? जेवताना बायकोने सहज विचारलं, "आपल्या मास्तरांनी केला का हो अर्ज?" दादा म्हणाले, "सगळे अर्ज कुठे मी बघतो?" आणि पाणी प्यायले.

दीड महिन्याने दादा रक्तदाबाच्या गोळ्या आणायला औषधाच्या मोठ्या दुकानात गेले. दारात रांग होती. दाराशी प्लास्टिकच्या स्टुलावर एक माणूस बसला होता, येणाऱ्याच्या कपाळासमोर तापमापक धरायचा, आकडा सांगायचा आणि आत सोडायचा. दोन माणसं पुढे सरकली तेव्हा दादांनी तो आवाज ओळखला. हळू, कोरडा, प्रत्येक अक्षर सुटं. त्यांना वाटलं, मागच्या मागे निघून जावं. पण मागे रांग होती. त्यांनी मास्क डोळ्यांखालपर्यंत ओढला.

मास्तरांनी तापमापक उचलला, आणि खाली घेतला.

"दादा! मास्कने तुम्ही लपताय होय? रांगेतसुद्धा प्रवेश घेतल्यासारखे उभे राहता."

"अरे वा, मास्तर," दादा म्हणाले. "इकडे कसे?"

"बसायचं काम आहे, सवयीचं. दोन वेळचं भागतं." मग आवाज आणखी उतरवून म्हणाले, "सरकारी मदतीला अर्ज केला होता. पुरावा नाही म्हणून परत आला. तुमचं नाव लिहिलं होतं मी, न विचारता, माफ करा. पण तुमच्यापर्यंत पोचलाच नसेल तो. तुम्हाला विचारलं असतं तर प्रश्नच नव्हता. विचारलं नाही ना कुणी?"

आता तरी सांगता आलं असतं. मास्तर वर बघत होते, डोळ्यांत शंकेचा लवलेश नव्हता.

"नाही," दादा म्हणाले. "मला नाही कुणी विचारलं."

"तेच म्हटलं मी बहिणीला, आक्काला," मास्तर म्हणाले आणि तापमापक दादांच्या कपाळासमोर धरला. "नॉर्मल आहे. जा आत."

दादा आत गेले. काउंटरवरच्या मुलीने कोणत्या गोळ्या हव्यात ते विचारलं, तर त्यांना नाव आठवेना. चिठ्ठी खिशात होती, तीही सुचेना. ते तसेच मागच्या दाराने बाहेर पडले आणि गोळ्यांशिवाय घरी आले.

"गोळ्या?" बायकोने विचारलं.

दादा खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. समितीत काय बोलले ते, आणि आज काय बोलले ते. बायको मटार बाजूला ठेवून ऐकत होती. ती चिडली असती तर दादांना सोपं गेलं असतं.

"समितीतलं मी समजू शकते," ती शेवटी म्हणाली. "जीभ घसरली, अब्रूला भ्यालात. पण आज? आज तर समोर एकटे मास्तर होते. त्यांच्यासमोर कसली अब्रू? त्यांना तर सगळंच माहीत आहे."

दादांनी मान खाली घातली. बायकोने पुन्हा मटार ओढले. "उद्या खात्यात जा," एवढंच म्हणाली.

अधिकारी बाईंनी दादांचं शांतपणे ऐकून घेतलं. मग चष्मा काढून पुसला.

"अपिलाची सोय आहे, सर. मुदत संपायला चार दिवस आहेत. तुमचं पत्र जोडलं तर पुरावा म्हणून धरता येईल. पण आधीच्या बैठकीच्या इतिवृत्तात तुमचंच म्हणणं नोंदलंय, 'किरकोळ कामाला'. आता तुम्ही उलट लिहिणार. तर आधीचं का बदललं, तेही लिहावं लागेल. आणि पत्र फाइलला लागतं. कुणीही अर्ज करून मागवू शकतं."

"गैरसमज झाला होता, असं लिहिलं तर?"

"झाला होता का?"

दादांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. त्यांनी कागद मागून घेतला. इतरांची वाक्यं हजारो वेळा बोललेल्या माणसाला स्वतःचं एक वाक्य लिहायला अर्धा तास लागला. 'सदर गृहस्थ तेवीस वर्षं मला विंगेतून संवाद देत आले आहेत. त्यांच्याशिवाय मी भूमिका पार पाडू शकलो नसतो. ही गोष्ट ठाऊक असूनही, ते सामान हलवण्यासारखी किरकोळ कामं करायचे, असं मी समितीसमोर जाणूनबुजून खोटं सांगितलं.' खाली सही. त्याखाली समितीचा राजीनामा, दोन ओळींचा.

"यावर अर्जदाराची सही लागेल," बाई म्हणाल्या. "पत्र वाचून घेतल्याची. पोस्टाने वेळ जाईल. तुम्हीच घेऊन या."

मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. तेवीस वर्षांत दादा तिथे कधी गेले नव्हते, पत्ता त्यांनी अर्जावरूनच उतरवून घेतला होता. लांबच लांब गॅलरी, ओळीने दारं, प्रत्येक दाराशी कुणीतरी खुर्ची टाकून बसलेलं. घरातच अडकलेली माणसं, बघायला दुसरं होतं काय! दादांना ओळखून दोघं-तिघं उभी राहिली. "आले, आले, दादा आले!" करत एक बाई मास्तरांच्या दारापर्यंत सोबत आली आणि तिथेच थांबली.

मास्तरांनी खुर्ची बाहेर काढली, पुसली. आत कॉटवर त्यांची थोरली बहीण बसली होती.

"आक्काला ऐकू येत नाही," मास्तर म्हणाले. "जन्मभर बाहेर कुजबुजलो, घरात ओरडावं लागतं."

दादांनी कागद पुढे केला. मास्तरांनी चष्मा लावला आणि प्रॉम्प्टर वाचतो तसं वाचलं, एकेका शब्दावर बोट ठेवून. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. तिथून ते परत वर गेलं, पुन्हा खाली आलं.

"म्हणजे विचारलं होतं तुम्हाला."

"हो."

"आणि परवा दुकानात मी विचारलं तेव्हा..."

"तेव्हाही खोटं बोललो, मास्तर."

आतून आक्का ओरडली, "काय म्हणतात रे ते? काम आलं का?"

मास्तरांनी तिच्याकडे तोंड केलं. दादांनी तेवीस वर्षांत तो आवाज कधी ऐकला नव्हता. भरदार, मोठा, गॅलरीच्या टोकापर्यंत जाणारा.

"काम नाही, आक्का! म्हणतात, माझा अर्ज यांनीच पाडला! मी सामान हलवायचो, असं सांगितलं! खोटं बोललो म्हणतात!"

गॅलरीत सगळं चिडीचूप झालं. सोबत आलेली बाई दाराशीच होती. ती आधी मास्तरांकडे बघत राहिली, मग दादांकडे, आणि मग हळूच मागे सरली. दादांनी उठावं तर गॅलरीतून सगळ्यांसमोरून जायचं होतं. ते तसेच बसून राहिले.

"पेन आहे?" मास्तरांनी विचारलं. आवाज पुन्हा नेहमीसारखा झाला होता.

दादांनी दिलं. मास्तरांनी सही केली, तारीख घातली, पेन टोपण लावून परत दिलं.

"मास्तर, मला..."

"गरज आहे म्हणून सही केली, दादा. बाकी काही नाही त्यात." ते उठले. "जिना उतरताना सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर दिवा नाही."

अपील मंजूर झालं. मास्तरांकडून फोन आला नाही, दादांनाही करवला नाही. त्यांना ते अधिकारी बाईंकडूनच कळलं. ते पत्र कुणी मागवलं नाही, पण गॅलरीतली गोष्ट गॅलरीत राहत नाही. काही जणांनी दादांना नमस्कार करायचं सोडलं. काही जण म्हणाले, चूक कबूल करायला मोठं मन लागतं. दादांना त्या दुसऱ्यांचंच तोंड चुकवावंसं वाटायचं.

पुढल्या वर्षी निम्म्या खुर्च्या रिकाम्या ठेवून नाट्यगृहं उघडली. दिग्दर्शकाने मास्तरांना बोलावलं आणि ते आले. तालमीच्या पहिल्या दिवशी एका नव्या नटीने आश्चर्याने विचारलं, "दादांच्या नाटकाला प्रॉम्प्टर कशाला?"

"मला लागतो," दादा म्हणाले. "पहिल्यापासून लागतो."

कुणीतरी हसलं, मग ते खरं आहे हे लक्षात येऊन गप्प झालं. मास्तर वहीची पानं सारखी करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

पहिल्या प्रयोगाला दुसऱ्या अंकात दादा अडकले. मास्तरांनी शब्द दिले. वेळेवर, नेमके, वाऱ्यासारखे. प्रयोग रंगला. पडदा पडल्यावर दादा घाईने विंगेत गेले. मास्तर बॅटरी पिशवीत ठेवत होते.

"मास्तर, आज तुमच्यामुळे..."

"दुसऱ्या अंकातलं ते वाक्य दोनदा म्हणून ठेवा," मास्तर म्हणाले. "उद्याही तिथेच अडकाल."

पिशवी खांद्याला लावून ते निघाले. दादा तोंडाला रंग फासलेल्या अवस्थेत तिथेच उभे राहिले, आणि ते वाक्य दोनदा म्हणाले.