काढ-घाल

धाकट्याने बाबांच्या बोटाखालचं लाल बटण काढलं, त्याची वायर उपटून पुन्हा खोचली आणि बटण परत बोटाखाली सरकवलं. स्क्रीनवर अक्षरं एकामागून एक उजळत पुढे चालली होती. बाबांनी टक्‌ केलं. अक्षरं थांबली नाहीत.

"महिना होत आला," ताई दारातून म्हणाली. "तुझा कर्नल रुसलाय."

कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या यंत्रणेचा गाभा, हे त्याने तिला हजारदा समजावलं होतं. तरी तिच्या डोळ्यांसमोर जाड मिशांचा एक लष्करी साहेबच उभा राहायचा आणि ती त्याची चौकशी केल्याशिवाय फोन ठेवायची नाही. आज मात्र थट्टा करताना ती हसली नाही.

पक्षाघाताचा झटका आल्यापासून बाबांची वाचा गेली होती. उजव्या हाताचं एक बोट तेवढं शाबूत होतं. त्या बोटासाठी धाकट्याने हे बटण बनवलं आणि त्याची टकटक कॉम्प्युटरला कळवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, स्वतः लिहिला. हवं ते अक्षर उजळलं की बाबांनी टक्‌ करायचं. असं वाक्य जुळलं की कॉम्प्युटर ते मोठ्याने बोलून दाखवायचा. ऑफिसात त्याने हे सगळं दाखवलं तेव्हा लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या होत्या. टाळ्या वाजवणाऱ्यांना बाबांचं अंग पुसायचं नव्हतं. त्यालाही नव्हतं. ते ताईच्या गळ्यात पडलं होतं.

बटण कधी अडकलं तर काय करायचं ते त्याने तिला फोनवरच शिकवलं होतं. कीबोर्डवर टाइप करायच्या दोन ओळी. पहिलीने ड्रायव्हर कर्नलमधून निघतो, दुसरीने परत लागतो. आधी काढ, मग घाल. त्यांच्यात त्या दुरुस्तीला नावच पडलं होतं, काढ-घाल.

त्याचा संशय अपडेटवर होता. नवा कर्नल आला की ड्रायव्हर त्याच्यासाठी नव्याने बांधावा लागतो. ते राहून गेलं असणार. पण ड्रायव्हर बांधलेला होता, डिस्कवर जागच्या जागी होता. मग त्याने वायर बदलली, दुसरं भोक वापरून पाहिलं, बटण उघडून साफ केलं. शेवटी हात टेकल्यासारखी नुसती दुसरी ओळ टाकली. बाबांनी टक्‌ केलं आणि अक्षर थांबलं.

बाबांचे डोळे भरून आले. त्याचेही आले.

खात्रीसाठी त्याने मशीन बंद करून चालू केलं. ड्रायव्हर आपोआप लागला. बिघडलेलं काहीच नव्हतं. म्हणजे रोज मशीन सुरू झाल्यावर कुणीतरी तो काढत होतं. आणि पहिली ओळ जगात दोघांनाच ठाऊक होती.

बाबांना अक्षरं वेचत ठेवून तो तासभर बाहेर फिरून आला, मग स्वयंपाकघरात गेला. ताई भांडी विसळत होती.

"ताई, काढ-घाल करतेस ना रोज?"

"करते की."

"दोन्ही?"

तिने नळ बंद केला नाही. "पहिलंच," ती म्हणाली.

तो काही बोलणार तेवढ्यात आतून कॉम्प्युटरचा आवाज आला. बातम्या वाचाव्यात तसा, सपाट.

"पोराने आल्या आल्या केलं. हिला महिनाभर जमलं नाही. उगाच नाही नवऱ्याने टाकली."

हे वाक्य एकेक अक्षर वेचून झालं होतं. तोंडातून निसटलं, असं म्हणायचीही सोय नव्हती.

"ऐकलंस?" ताई म्हणाली. "पूर्वी ओरडायचे आणि विसरून जायचे. आता दुपारभर बसून जुळवतात रे. मी समोर त्यांची लाळ पुसत असते, आणि स्क्रीनवर माझंच वाक्य तयार होत असतं."

"मला सांगायचंस तरी."

"सांगून काय केलं असतंस? नवीन आवाज टाकून दिला असतास." तिने हात पदराला पुसले. "महिनाभर ने त्यांना. मला नुसतं झोपायचंय. मग परत आणून सोड, मी रोज दोन्ही ओळी टाकीन."

"आमची जागा तुला माहितेय. त्यात हिची ड्यूटी... बघतो काहीतरी."

"बघ."

तो बाहेर आला. बाबा घाईघाईने टक्‌ टक्‌ करत होते. त्याला पाहून त्यांचा चेहरा उजळला. ताईकडे ते कधी असं बघत नसत. स्क्रीनवर नवं वाक्य अर्धवट होतं.

मला तुझ्याकडे

धाकटा ते वाचत उभा राहिला. मग खुर्ची ओढून बसला.

"बाबा, एक मिनिट हं. जरा काढून घालतो."

बाबांनी बोट उचलून धरलं आणि समजूतदारपणे थांबले. त्याने पहिली ओळ टाकली. मग उठला, चार्जर गुंडाळला आणि बॅगची चेन लावली.

ताई औषध घेऊन आली तेव्हा बाबा परत टक्‌ टक्‌ करत होते आणि अक्षरं न थांबता पुढे चालली होती.

"काय झालं?"

"कर्नलचाच घोळ दिसतोय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "पुढच्या वेळी नीट बघतो. तोवर तुलाही जरा शांतता."

तिने स्क्रीनवरचं अर्धं वाक्य वाचलं. मग त्याच्या खांद्यावरची बॅग पाहिली. औषधाची वाटी टेबलावर ठेवून ती कीबोर्डसमोर बसली आणि महिनाभर न वापरलेली दुसरी ओळ एकही चूक न करता टाकली.

"बॅग खाली ठेव," ती म्हणाली. "त्यांचं वाक्य पुरं होऊ दे."

बाबांचं बोट बटणावर होतं. अक्षरं 'क'पासून निघाली. 'ने'मधला 'न' यायला अजून थोडा वेळ होता.