अध्यक्षांचा कान

"डोळे मिटलेत ना, अध्यक्ष? का पट्टी बांधू?" सरकारी अधिकाऱ्यानं विचारलं.

"पट्टी कशाला? अकरा वर्षं मिटतोय. हात बसलाय," अध्यक्ष म्हणाले. सभागृह हसलं.

अस्सल उत्पादक संघाची ही प्रथाच होती. नकली मालाविरुद्ध ओरडणं हे संघाचं काम. वार्षिक सभेत ओरडायला सुरुवात करण्याआधी अध्यक्षांनी डोळे मिटून आपल्या कारखान्याच्या आणि नकली बिजागऱ्या वेगळ्या करून दाखवायच्या. बिजागरी कानाशी धरायची, उघडायची, मिटायची, आणि "माझी" किंवा "चोराची" म्हणायचं. मग टाळ्या, मग चहा.

या वर्षी टाळ्यांच्या पुढे एक कागद होता. अध्यक्षांच्या कारखान्याचा छाप मारून कुणीतरी एका पत्र्याच्या शेडमध्ये बिजागऱ्या बनवत होतं. अध्यक्षांनी माल ओळखला की अधिकारी छाप्याच्या हुकमावर सही करणार होता. शेड कुणाची, हे अध्यक्षांनी विचारलं नव्हतं. नकली माल बनवणाऱ्याला चेहरा नसतो, असं त्यांच्याच भाषणात होतं.

पाच इकडच्या, पाच तिकडच्या. अध्यक्षांनी दहाही ऐकल्या आणि दोन ढीग केले. अधिकाऱ्यानं बिजागऱ्यांच्या खालच्या अंगाला लिहिलेले खडूचे आकडे वाचले, चष्मा पुसला, परत वाचले.

"अध्यक्ष, दहाच्या दहा चूक."

"म्हणजे?"

"म्हणजे एकही चुकूनसुद्धा बरोबर आली नाही."

सभागृहात कुणीतरी हसायला सुरुवात केली होती, ते तसंच तोंड उघडं ठेवून बसलं. अध्यक्षांचा चेहरा भिंतीसारखा पांढरा पडला. चिटणीस धावत आले आणि कानात कुजबुजले, "काका, आकडे उलटे वाचले म्हणून सांगतो. खडूच आहे, पुसता येतो."

"कालवा परत," अध्यक्ष म्हणाले.

परत कालवल्या. परत तेच दोन ढीग.

पहिल्या रांगेतून त्यांची मुलगी उठली. तीन वर्षं कारखाना तीच चालवत होती. ती बापाजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, पुरे आता. आपण यंदा पिन बदलली आहे. घडीव पिन परवडेना, बंद केली; दुमडलेल्या पत्र्याची घालतो. म्हणून आवाज वेगळा."

"मला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही भाषण पाठ करत होतात."

अध्यक्ष खुर्चीत बसले. खुर्ची होती तिथेच होती, हे नशीब.

"आणि मग ह्या चोराच्या? ह्यांत घडीव पिन कुठून आली?"

अधिकाऱ्यानं शेडवाल्याला चौकशीसाठी बोलावून ठेवलंच होतं. त्याला आत आणलं. दार उघडलं आणि अध्यक्ष अर्धे उठून उभे राहिले. कारखान्याचा जुना मिस्त्री. नवं यंत्र आलं तेव्हा हार घालून घरी पाठवलेला. हार अध्यक्षांनीच घातला होता.

"मिस्त्री, तुम्ही? माझा छाप चोरलात?"

"चोरला नाही, मालक. तो ठसा मीच कोरला होता. दुसरा मला येत नाही." मिस्त्री ओशाळला. "गिऱ्हाईकं घरी येऊन म्हणायची, पहिल्यासारखी द्या. मी देत गेलो."

अध्यक्षांनी एक बिजागरी उचलली आणि उगीचच उघडमीट करत राहिले. मग अधिकाऱ्याकडे वळले.

"छापा पडणार. पत्ता तेवढा बदला."

"कुठला घालू?"

"आमचा. तुमच्याकडे आहेच."

"बाबा!" मुलीचा आवाज चिरकला. "ती पिन बदलली म्हणून एकशेवीस माणसं आज कामावर आहेत. त्यांना काय सांगू?"

अध्यक्षांनी हातातली बिजागरी कानाशी धरली, उघडली, मिटली. मग म्हणाले, "सांग, म्हाताऱ्याला दुसरं ऐकू येत नाही."

मग त्यांनी अध्यक्ष या नात्यानं ठराव मांडला : नकली माल विकणाऱ्या सभासदाला संघातून काढावं. चिटणीस म्हणाले, घटनेत अध्यक्षाला काढायची तरतूद नाही. अध्यक्ष म्हणाले, सभासदाला काढायची आहे, अध्यक्ष आपोआप जाईल. आणि पहिला हात त्यांनीच वर केला. सभासद इतके हबकले होते, की सवयीनं सगळ्यांचे हात त्यांच्यामागून वर गेले. ठराव एकमतानं मंजूर. फक्त मुलीचे दोन्ही हात मांडीवर होते; पण ती सभासद नव्हती.

कारवाईचं काय, असं अधिकाऱ्यानं विचारलं. कुणालाच माहीत नव्हतं. त्यानं कागद सही न करताच पिशवीत घातला.

"सभासद नसलेल्यांनी आता सभागृहाबाहेर..." चिटणीसांनी नेहमीचा नियम वाचायला घेतला आणि त्यांना पुढे वाचवेना.

"वाचा, वाचा," म्हणत अध्यक्ष उठले. मिस्त्रीही सभासद नव्हता. दोघं बाहेर पडले.

जिन्यावर मिस्त्री मागे थांबला. तीस वर्षं तो मालकाच्या एक पायरी मागून उतरत आला होता.

"व्हा पुढे," अध्यक्ष म्हणाले.

"नाही मालक, तुम्ही."

"मिस्त्री, आज तरी ऐका."

मिस्त्री एक पायरी उतरला, आणि पुढे काय करायचं असतं ते न कळून कठडा धरून उभा राहिला. अध्यक्षांनी त्याच्या शेजारी पाय टेकवला. जिना अरुंद होता. दोघं खांदे तिरके करून उतरू लागले.